अण्णांचा फोल्डर

श्रीवत्सला दारातली चप्पल वाकडी पडलेली चालायची न्हाई. हापिसात यायचा, आधी सगळ्यांच्या चपला भिंतीला लावून सरळ करायचा आन् मगच आत. मी म्हणायची, "काय ओ सर, इंजिनिअर हाव का देवळातले चप्पलवाले?" तर हसायचा. म्हणायचा, "अक्का, घाईत निघालं की एक पाय आपल्या चपलेत आणि दुसरा दुसऱ्याच्या. मग भांडण तुम्हालाच सोडवावं लागतं." असलं शिस्तीचं माणूस. आन् त्याच माणसाला बेशिस्त म्हणून घालवलं, माझ्या डोळ्यांदेखत. कुणी म्हणंल नागरत्नाचं तोंड फाटकं हाय. हाय बाबा, फाटकं हाय. पर खोटं न्हाई.

आमचं हापिस बीदरात, मैलूरच्या रस्त्यावर, भांड्याच्या दुकानाच्या वर. आम्ही फंक्शन हॉलवाल्यांसाठी प्रोग्राम बनवतो. कोणत्या तारखेला हॉल कुणाला दिला ते मॅनेजरनं मोबाईलमधे घालायचं, बाकीचं आमचा प्रोग्राम बघतो. बीदर, औराद, भालकी, तिकडं कलबुर्गीपर्यंतचे हॉल आमच्याकडं हायत. मालक राजशेखर. मी फोनवर. हॉलवाल्यांच्या शिव्या मराठीत, कन्नडमधे आन् दखनीत ऐकून घ्यायच्या आन् तिन्ही भाषांत गोड बोलायचं, ही माझी नोकरी.

श्रीवत्स आधी हैदराबादला मोठ्या कंपनीत होता. त्याचे वडील गुंडेराव मास्तर. अर्ध्या बीदरला गणित शिकवलेलं माणूस. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवं अंग गेलं आन् वाचा बी गेली. आई सरस्वतीबाई त्याच्या आधीच वारलेली. हा एकुलता एक. तिकडची नोकरी सोडून आमच्यात आला, कारण एकच, मैलूरातलं घर हापिसापासून चालत जाण्याजोगं. दुपारच्या सुट्टीत हा घरी पळायचा. मास्तरांना भरवायचं, मग समोर खुर्ची घेऊन बसायचं आन् एकेक शब्द म्हणवून घ्यायचा. डॉक्टरनं सांगितलं होतं, घरच्या माणसानं रोज असं बसलं तर थोडीफार वाचा यील, आन् खंड पडला तर आलेली बी जाईल. वर्षभर मास्तरांच्या तोंडातून नुसता घरघर आवाज. मग एका दुपारी ते "श्री" म्हणाले. त्या दिवशी ह्यानं हापिसात पेढे वाटले आन् वाटता वाटता रडला. लाज न्हाई वाटली त्याला, आन् का वाटावी? पुढं "पाणी" आलं, मग "बस" आलं.

तर ही नोकरी गेली की हैदराबाद, आन् हा हैदराबादला गेला की मास्तरांची वाचा गेली. हे हापिसात सगळ्यांना ठाऊक होतं. राजशेखरला तर पक्कं ठाऊक होतं. मास्तरांच्या हातच्या छड्या खाऊनच तो पास झाला होता.

आता त्या चेकरचं सांगते, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. आमच्यात पोरं कोड लिहायची ती ज्याच्या त्याच्या मनानं. कुणी गिचमिड, कुणी अर्धं सोडून दिलेलं. श्रीवत्सनं एक चेकर आणून बसवला. कोड लिहिला की हा चेकर तो वाचतो, आन् जिथं घोळ दिसंल तिथं लाल खूण करतो. लाल खूण हाय तोवर ते काम पुढं हॉलवाल्यांकडं जातच न्हाई. मास्तरचा पोरगा, वह्या तपासायची सवय रक्तातच की ओ. पर चेकर सगळेच फोल्डर तपासत न्हाई. काही फोल्डर आधीपासूनच वगळायचे ठरलेले असतात. बाहेरून आणलेला कोड, मशीननं आपोआप बनवलेला कोड. श्रीवत्स मला समजावून सांगायचा, "अक्का, जे आपण लिहिलंच नाही त्याच्यात काना-मात्रा कशाला बघायची?" वगळायच्या फोल्डरांची सेटिंग एकाच ठिकाणी, सगळ्यांसाठी एकच. ती श्रीवत्सच्या ताब्यात.

पहिल्या दिवशी चेकर चालवला आन् पडदा लालेलाल. निम्म्याहून जास्त लाल एकाच फोल्डरात. त्या फोल्डरचं नाव "अण्णा".

अण्णा म्हणजे शरणप्पा, राजशेखरचे मोठे भाऊ. ह्यांची खानदानी तुरीची आडत. आडतीत बसून, पुस्तकं वाचून, अण्णांनी पहिला प्रोग्राम स्वतः लिहिला होता. सगळा धंदा त्याच्यावर उभा राहिला. आता अण्णा आडतच बघतात, पर संध्याकाळी हापिसात येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे, चहा घ्यायचे आन् जायचे. वडील गेल्यापासून राजशेखरला अण्णाच वडील. अण्णा उभे असतील तर हा बसत न्हाई. अण्णांना चुकलं म्हणणं त्यांच्या घरात कुणाला जमलंच न्हाई.

त्या संध्याकाळी अण्णा पडद्यासमोर उभे राहिले. सगळं लाल बघितलं, चष्मा काढला, गालाला हात लावला आन् चहा न घेता निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले न्हाईत. तिसऱ्या दिवशी बी न्हाई. राजशेखरचा चेहरा एवढासा झाला. अण्णांचं घर वेगळं, तिथं जाऊन विचारायची ह्याची हिंमत न्हाई.

"सर, तो अण्णांचा फोल्डर वगळायच्यात टाका," तो श्रीवत्सला म्हणला. मी समोरच होते.

"तो बाहेरचा कोड नाही. आपलाच आहे, रोज चालतो."

"अण्णा रुसून बसलेत ओ. घरात आमची बायको बोलंना माझ्याशी."

"मग जुन्या फायली तेवढ्या वगळू. एकेक नाव घालून. अख्खा फोल्डर नको. उद्या कुणी नवीन काही आत टाकलं तर तेही तपासलं जाणार नाही."

"अण्णांच्या फोल्डरात कोण टाकतंय? तुम्ही टाका गा, अख्खा. मी सांगायलोय ना."

श्रीवत्सनं टाकला. माणूस मालकाचं ऐकतंय, दुसरं काय करंल? पर त्या ओळीच्या बाजूला त्यानं बारीक टीप लिहिली, मालकांच्या सांगण्यावरून. राजशेखरनं ती बघितली आन् हात जोडले. "हे काढा सर, पाया पडतो. अण्णांनी वाचलं तर मी भावाला लपवायला लागलो म्हणतील." श्रीवत्सनं टीप काढली. पर ओळ कुणी लिहिली ते मशीन आपोआप ठेवतंच. तिथं नाव राहिलं एकाचंच.

मी तवाच म्हणलं होतं, "सर, टीप कामून काढलात?" तर म्हणला, "जाऊ द्या अक्का, मालक आपल्यापुढं हात जोडायला लागले की बरं नाही वाटत." भलेपणा म्हणायचा का बावळटपणा, तुम्हीच ठरवा. मला त्या वेळी बी राग आला होता, आज बी येतो.

महिना गेला नसंल, पोरांना वाट सापडली. चेकरनं लाल केलं की फाईल उचलायची आन् अण्णांच्या फोल्डरात ठेवायची. झालं, लाल गेलं. मोकळ्या प्लॉटमधे एकानं कचऱ्याची पिशवी टाकली की अख्खी गल्ली टाकती, तसं. पोरं एकमेकांना सांगायची, "अण्णाच्या घरात ठेव की बे." ह्यात सगळ्यात पुढं शरणबसव. अण्णांच्या मेव्हण्याचा मुलगा. हुशार हाय, पर अंगात आळस. आन् पाव्हणा, म्हणून कुणी बोलत न्हाई.

श्रीवत्सला कळलं तवा त्याचं डोकं फिरलं. राजशेखरकडं गेला. "मी म्हणालो होतो तेच झालं. आता तरी जुन्या फायलींची नावं घालू द्या, बाकीचं तपासणीत येऊ द्या."

"आता लग्नसराई हाय सर. आता हात लावला आन् काही बंद पडलं म्हणजे? सराई उरकू द्या."

"निदान शरणबसवला बोला."

राजशेखर मानेवरून हात फिरवत राहिला. "वहिनीचा भाचा हाय ओ," म्हणला.

आपला तो बाब्या आन् लोकाचं ते कार्टं. दुसऱ्या कुणाचा पोरगा असता तर राजशेखरनं त्याचं खोबरं केलं असतं.

मग ती सकाळ आली. फोन मीच उचलला. औराद रोडच्या हॉलचा मॅनेजर, रडायलाय का ओरडायलाय कळंना. "मॅडम, यहाँ दो-दो शादियां आको खडी हैं! दोनों के पास तुम्हाराच मेसेज है! कैसा करना बोलो!"

एका तारखेला एका हॉलात दोन लग्नं, हे आजपर्यंत कधी झालं नव्हतं. राजशेखरनं श्रीवत्सला आन् मला जीपमधे घालून पाठवलं. स्वतः आला न्हाई. हॉलवाल्यांना फोन करतो म्हणला.

तिथं गेलो तर एक लग्न बीदरच्या मोठ्या कापडवाल्याचं, त्यांनी आधीच आत घुसून गाद्या टाकल्या होत्या. दुसरं चिंताकी गावच्या नागप्पाच्या पोरीचं. चार टेंपो रस्त्याच्या कडंला उभे. आचाऱ्यानं चुली बाहेर मांडलेल्या, त्या ह्यांच्या का त्यांच्या म्हणून भांडण. नवरी मुलगी टेंपोतच, बाशिंगासकट, घामानं हळद ओघळायलेली. नवऱ्याकडचे मोठ्यानं बोलायलेत, हे असलं अपशकुनी लग्न आमच्याच वाट्याला कामून. नागप्पा मला एक शब्द वाईट बोलला न्हाई. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. फेटा हातात घेऊन म्हणला, "अक्का, वऱ्हाडाला कुठं बसवू, तेवढं सांगा."

मी धावाधाव करून शेजारच्या शाळेचं पटांगण मिळवलं. उन्हात लग्न लागलं. वरमाई शेवटपर्यंत तोंड फिरवून बसली. त्या पोरीला सासरी त्याचं काय काय ऐकावं लागंल, देवाला ठाऊक.

श्रीवत्स हॉलच्या पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. मी गेले तर पडद्याकडं बोट केलं. औराद रोडला नेटवर्क जातं-येतं. नेटवर्क नसताना मॅनेजरनं तारीख घातली तर ती मोबाईलमधेच राहायची आन् नेटवर्क आलं की पुढं जायची. तवर ती तारीख दुसऱ्या कुणाला गेली असंल तर प्रोग्रामनं आरडाओरडा करायला पाहिजे. "इथं बघा अक्का," तो म्हणला. "चूक आली तर काय करायचं, ती जागाच रिकामी सोडली आहे. काहीही न करता पुढं जायचं. चेकरनं ही पहिल्या झटक्यात लाल केली असती."

"कुणी लिहिलंय?"

"शरणबसवनं."

"आन् फाईल कुठं हाय?"

त्यानं लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी हापिसात बैठक. दोघं-तिघं हॉलवाले आले होते, आमचं काम सोडतो म्हणत होते. अण्णा बी आले. इतक्या दिवसांनी. राजशेखर त्यांच्या बाजूला उभा, हात पुढं बांधून. शरणबसव कोपऱ्यात मोबाईल बघायलाय.

अण्णा सरळ मुद्द्याला आले. "तुमचा तो चेकर होता ना? मग त्यानं कसं काय सोडलं हे?"

श्रीवत्सच म्हणला, "तो फोल्डर तपासणीतून वगळला होता."

"कुठला फोल्डर?"

"तुमचा, अण्णा."

"माझा? कामून?"

"तुम्ही त्या दिवशी सगळं लाल बघून निघून गेलात, म्हणून..." मीच मधे बोलले.

"अक्का, माझी दाढ ठणकायली होती! तिसऱ्या दिवशी उपटली. मग सुजलं, मग तुरीचा हंगाम लागला. मी कशाला रुसू? लाल बघून मला तर बरं वाटलं होतं, एवढ्या वर्षांनी कुणीतरी माझं लिहिलेलं वाचलं म्हणून."

बघा आता. एका दाढेपायी! हसावं का कपाळ बडवावं? राजशेखर पांढरा पडला. पर अण्णा तिथं थांबले न्हाईत. त्यांनी चष्मा लावला आन् म्हणले, "दाखवा मला, कुठं लिहिलंय." पडद्यावर ती ओळ काढली. वगळायच्या फोल्डरांत बाहेरचा कोड, मशीनचा कोड आन् त्यांच्याच खाली "अण्णा". बाजूला नाव, श्रीवत्स गुंडेराव.

अण्णांचा आवाज बदलला. "म्हणजे माझं काम तपासायच्या बी लायकीचं न्हाई म्हणून बाजूला काढलंस. बाहेरच्या कचऱ्यात. अरे, चुका काढल्या असत्यास तर मान खाली घालून बसलो असतो. तू मला पंगतीतनंच उठवलास की रे."

"अण्णा, तसं नव्हतं," श्रीवत्स म्हणला, आन् राजशेखरकडं बघितलं.

सगळ्या खोलीनं राजशेखरकडं बघितलं. त्यानं फक्त एवढंच म्हणायचं होतं, अण्णा, मी सांगितलं. तीन शब्द. तो खाली फरशीकडं बघत उभा.

माझ्यानं राहवलं न्हाई. "अण्णा, मालकांनीच सांगितलं होतं. माझ्यासमोर सांगितलं. सर नको नको म्हणत होते. आन् ती फाईल बी सरांची न्हाई, ती ह्या कोपऱ्यातल्या..."

"सुम्निर्री अक्का," अण्णा म्हणले, गप बसा. मग भावाकडं वळले. "राजशेखर, व्हय का हे?"

"मी... अण्णा, मी जुन्या फायलींचं म्हणलो होतो," राजशेखर म्हणला. "अख्खा फोल्डर सरांनी घातला."

खोटं! तोंडावर खोटं! जुन्या फायली म्हणणारा श्रीवत्स, आन् त्याचेच शब्द उचलून त्याच्याच अंगावर टाकले. मी उठून उभी राहिले. "राजशेखर, मास्तरांची शपथ घेऊन बोल," म्हणलं, अहो-जाहो बी विसरले. त्यानं माझ्याकडं बघितलंच न्हाई. आन् श्रीवत्स? भांडायचं की न्हाई तोंड उघडून? तो म्हणला, "ओळ मी लिहिली आहे. नाव माझंच आहे." अजून मला त्याला हलवून विचारावं वाटतं, अहो, ही अब्रू कुणासाठी राखलात?

हॉलवाल्यांना नाव मिळालं, बेशिस्त म्हणून श्रीवत्सला काढायचं ठरलं. ते चहा पिऊन गेले, काम आमच्याकडंच ठेवलं. संध्याकाळी राजशेखरनं श्रीवत्सला जिन्यात गाठलं. मी वरून ऐकायले. "सर, वाईट वाटून घेऊ नका. हॉलवाल्यांना कुणाचं तरी नाव द्यावं लागतंय. शरणबसवचं दिलं तर घरात राहता येणार न्हाई मला. तुम्हाला काय, हैदराबादला उद्या नोकरी मिळंल."

"आणि बाबा?" श्रीवत्सनं विचारलं.

"मास्तरांसाठी बाई लावून देतो की. माझे बी गुरूच ते."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आन् वर गुरुदक्षिणा.

तो हैदराबादला गेला. त्याला तिकडं नोकरी मिळाली, मिळणारच होती. सोमवारी पहाटेच्या बसनं जातो आन् शनिवारी रात्री येतो. मास्तरांना न्यायचं बघितलं त्यानं, पर जीपकडं नेतानाच मास्तरांनी डाव्या हातानं घराच्या दाराचं कवाड असं धरलं की सुटंना. आमच्या हापिसात चेकर आता बंदच केलाय. लाल काही दिसतच न्हाई, सगळे खूश. अण्णा येतात, चहा घेतात. शरणबसवला वेगळी केबिन मिळाली.

दुपारच्या सुट्टीत मी मैलूरला जाते. राजशेखरनं लावलेली बाई भरवून जाती, चांगली बाई हाय, पर समोर बसून शब्द म्हणवून घ्यायला तिला कुठला वेळ? मी खुर्ची ओढून बसते. "म्हणा सर, पाणी." मास्तर माझ्या खांद्यावरून दाराकडं बघतात. "पाणी" गेलं. "बस" बी गेलं. राहिलं ते फक्त "श्री". दार वाजलं की "श्री". बाई आली की तिला "श्री", दूधवाल्याला "श्री", मला बी "श्री". पहिल्यांदा मी म्हणायची, "न्हाई सर, मी नागरत्ना." आता मी "व्हय" म्हणते.

गेल्या रविवारी गेले तवा श्रीवत्स घरी होता. मास्तरांचा हात हातात धरून समोर बसलेला. "बाबा, मी आलोय. म्हणा, श्री." मास्तर त्याच्याकडं बघत राहिले. ओठ हलले, आन् तोच जुना घरघर आवाज आला. "म्हणा बाबा. श्री." परत तोच आवाज. तिसऱ्यांदा मास्तरांनी ओठ बी हलवले न्हाईत, मान वळवली आन् दाराकडं बघत बसले.

श्रीवत्स उठला. माझ्याकडं न बघता दारात गेला. माझी एक चप्पल उंबऱ्यात उलटी पडली होती. तो तिला ओलांडून बाहेर गेला आन् रस्त्यावर जाऊन उभा राहिला.